दोर सुकेपर्यंत

माझी थोरली बहीण विजयमाला, आमची आक्का, हिच्याबद्दल लिहायला बसलो तर पहिली अडचण ही की तिने माझ्यासाठी जे केलं ते कुणाला दाखवता येत नाही. बुडत्याला बाहेर ओढलं तर चार माणसं बघतात, पेपरात फोटो येतो. आक्काने मला ज्यातून वाचवलं ते घडलंच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढणार? त्यात ज्या दिवशी तिने हे केलं त्याच दिवशी मी राहुरीच्या आमच्या अंगणात उभा राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिला नको नको ते बोललो. आभार मानायचे राहून गेले होते. ते आता मानतो.

आमचा धंदा पाण्याखालचा. मी वाल्मिक, पाणबुड्या. मुळा धरणातून गावांसाठी पाणी उचलणाऱ्या योजनांच्या खोल विहिरी असतात, त्यांना जॅकवेल म्हणतात. त्यांच्या तळाच्या जाळ्या तुंबल्या, एखादी झडप अडकली, की आम्हाला फोन येतो. वर तराफ्यावर आक्काचे मालक, माझे दाजी सूर्यभान, कॉम्प्रेसर सांभाळतात. त्याच्या नळीतून खाली माझ्या तोंडात हवा येते. माझ्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक आक्काच्या हातात. दोन हिसके म्हणजे थांब, तीन हिसके म्हणजे वर ये. सत्तर फूट खाली गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा जगात आपलं कुणीतरी आहे हे त्या दोरावरूनच कळतं.

या दोराला आक्काने जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधल्यात. वरून दहा फुटांवर लाल, वीस फुटांवर हिरवी. वर येताना हिरवी चिंधी हाताला लागली की थांबायचं, लाल लागली की पुन्हा थांबायचं. किती वेळ ते आक्का ठरवणार. तिच्या पिशवीत एक पुठ्ठा असतो. किती खोल, किती मिनिटं, मग कुठे किती थांबा, असं त्यावर मराठीत लिहिलंय. मुंबईच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या इंग्रजी कागदावरून तो माझ्या स्नेहलने सातवीत असताना उतरवून दिला. अक्षर पोरीचं, हुकूम आत्याचा. लाल चिंधीला लोंबकळत असताना मी कितीदा दोर हलवून विचारलं असेल की येऊ का वर? वरून दोन हिसके. भूक लागली तरी दोन हिसके. थंडीने दात वाजले तरी दोन हिसके.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात, मांसात मुरत जातो. थांबत थांबत वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर अंगातल्या अंगात बुडबुडे धरतात, गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर धरतात तसे. सांध्यात अडकले तर माणूस कळवळतो, पाठीच्या कण्यात अडकले तर पायच जातात. बरं, पाण्याबाहेर आलं म्हणजे सुटलो असंही नाही. थोडा नायट्रोजन दिवसभर अंगात रेंगाळतो. तेवढ्यात माणूस उंचावर गेला, डोंगरावर म्हणा की विमानात, तर तिथे दाब आणखी कमी, आणि राहिलेले बुडबुडे तिथे धरतात.

दाजींचं हेच झालं. बावीस वर्षांपूर्वी, भंडारदऱ्याच्या पाण्यात. तेव्हा बुडी मारायचे दाजी आणि मी नागापूरच्या एमआयडीसीत टेम्पो चालवायचो. दाजी तीन दिवस खोल पाण्यात काम करत होते. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला बाहेर आले आणि दुपारी कळसूबाई चढायला लागले. लोखंडी शिड्यांपाशी पाय बधिर झाले. पायथ्याच्या बारी गावच्या लोकांनी डोली करून त्यांना खाली आणलं. काय झालंय हे कळायलाच चार दिवस गेले, आणि बुडबुडे विरवायला मुंबईत दाबाच्या खोलीत ठेवलं तोवर उशीर झाला होता. आता डावा पाय ओढत, काठी टेकत चालतात. कुणी विचारलं तर हसून सांगायचे, "मलाच हौस हुती. देवीला घाई न्हवती, मला हुती."

तेव्हापासून पाण्यात मी उतरतो आणि नियम आक्काचा. पाण्यातलं काम झालं की तो ओला दोर घराच्या पडवीत, सावलीत टांगायचा. दोर सुकेपर्यंत पाण्यात उतरलेल्या माणसाने घाट चढायचा नाही, डोंगर चढायचा नाही, आणि विमानाचं तर नाव काढायचं नाही. दोर सुती, अंगठ्याएवढा जाड, सुकायला एक दिवस आणि वर थोडा वेळ घेणारच. डॉक्टरांच्या कागदावर निदान चोवीस तास लिहिलेत हे तिला ठाऊक आहे, सातवी शिकलीय ती. मी एकदा म्हणालो, आक्का, नायलॉनचा दोर घे, हलका असतो, आणि तासच मोज की सरळ. तर म्हणाली, "नायलॉनला काय कळतंय? आन् तास म्हनलं की तू हुज्जत घालतू. चोवीसचे बावीस करतू, बावीसचे अठरा. दोरासंगं काय हुज्जत घालशील?"

ती मला बरोबर ओळखून होती. माझा स्वभाव स्टोव्हसारखा, कुणी पंप मारायचा अवकाश.

यंदा जूनमध्ये स्नेहलचं हवाई दलाचं प्रशिक्षण पुरं झालं. बाप पाण्याखाली आणि पोरगी ढगांवर, असं लोक मला चिडवायचे आणि मी आनंदाने चिडून घ्यायचो. हैदराबादजवळ शनिवारी सकाळी सोहळा होता. तिथे आईबापांनी मुलांच्या खांद्यावर पट्ट्या लावायच्या असतात. शुक्रवारी सकाळी दहाला शिर्डीहून विमान, मी आणि माझी बायको ज्योती, अशी दोन तिकिटं स्नेहलनेच काढून पाठवली होती. मी कधी विमानात बसलो नव्हतो. आक्का आणि दाजी घरी राहणार होते. "आमी मोबाईलवर बघू," असं आक्का म्हणाली होती आणि तिने स्नेहलसाठी शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. बुधवारपासून मी पाण्याला हात लावणार नाही असंही ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी फोन आला. जॅकवेलची तळाची जाळी तुंबली, बारा गावांचं पाणी बंद. जूनचे दिवस, धरणात पाणी उतरलेलं, गावांतल्या विहिरी कोरड्या. दुसरा पाणबुड्या दोन दिवस मिळणार नव्हता. नाही कसं म्हणणार? आक्काने दोर काढताना मला विचारलं, "उद्याचं काय?" मी म्हणालो, बघू. एकदाच उतरायचं होतं, तीनदा उतरावं लागलं. जाळीत गाळ, प्लॅस्टिक आणि एक अख्खं ताडपत्रीचं भेंडोळं होतं. शेवटची बुडी संपवून, हिरव्या आणि लाल चिंधीला मनसोक्त लोंबकळून मी वर आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

घरी येऊन आक्काने दोर पडवीत टांगला आणि काही न बोलता स्वयंपाकाला लागली. तिच्या न बोलण्याचा अर्थ मला कळत होता. मग मी एक शहाणपणा केला. घरातला मोठा उभा पंखा उचलून पडवीत आणला आणि दोराच्या समोर लावून दिला. सकाळी उठून हात लावला तर दोर खडखडीत. मी आंघोळ केली, नवा शर्ट घातला, बॅग दारात ठेवली आणि आक्काला हाक मारली.

"आक्का, ये, हात लाव. सुकला."

ती आली. पंख्याकडे बघितलं. दोरावरून हात फिरवला. "व्हय, सुकलाय," म्हणाली. मला वाटलं जिंकलो. तिने कोनाड्यातला एक मोठा खिळा घेतला, दोराच्या पिळात घातला आणि पीळ उकलला. आतले धागे बाहेर काढून माझ्या गालाला लावले. गार, ओलेगच्च.

"वरून सुकलाय, वाल्मिक. आतून न्हाई."

तिथे माझा स्टोव्ह भडकला. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पोरीच्या खांद्याला पट्टी कोण लावणार, शेजारी की काय? एक दोर मोठा की माझी पोर मोठी? आक्का ऐकून घेत होती. म्हणाली, "पोरीसाठीच म्हनतीय. तिथं आपल्या पायावर हुबा ऱ्हायला पाहिजे का नगं?" त्यावर मी जे बोललो त्याची आजही लाज वाटते. दाजी ओट्यावर चहा पीत होते, त्यांच्याकडे हात करून मी म्हणालो, "दाजींनी हौसेनं डोंगर चढला आणि बावीस वर्षं भोगतोय मी!"

दाजींनी कप खाली ठेवला. आक्काच्या हातातला दोर तसाच राहिला. मग दाजीच शांतपणे म्हणाले, "आरं, हैदराबादला रस्ता जातू की न्हाई? जीप हाय दारात. आत्ता निघालो तर दिवस मावळता पोचू. कशाला भांडताय?"

सोपी गोष्ट, पण माझ्या डोक्यात विमान बसलं होतं ना. आणि जीपने जायचं तर मग दोघंच कशाला, ज्योती म्हणाली, आक्का आणि दाजी पण चला. लाडवांचा डबा होताच. कॉम्प्रेसर उतरवला, गाद्या टाकल्या आणि साडेसातला आम्ही चौघं निघालो. विमान आमच्याशिवाय उडालं. आक्काने तो दोर जीपच्या टपावर बांधून घेतला. मी विचारलंही नाही का म्हणून, कारण मी बोलतच नव्हतो.

नगरच्या अलीकडे विळदचा घाट आला तेव्हा मात्र बोलावं लागलं. घाट कसला, चढ आहे तो, पण आक्का पुढे माझ्या शेजारी बसून दर वळणाला माझ्या कोपरावर हात ठेवायची. "मुंग्या येत्यात का? खांदा दुखतू का?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय." मागून दाजी आणि ज्योती हसायला लागले. मी हसलो नाही. नगर सोडलं की पुढे सोलापूरपर्यंत रस्ता सपाट आहे, हे मी तिला तीनदा सांगितलं तेव्हा ती जरा टेकून बसली.

करमाळ्याच्या अलीकडे एका लिंबाखाली जेवायला थांबलो. जेवण झाल्यावर ज्योती डबे धुवायला हापशावर गेली, दाजी गादीवर कलंडले आणि घोरायला लागले. मी टायर बघत होतो. आक्का जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यांना हौस न्हवती रं."

मला कळेना.

"डोंगराची. हौस न्हवती ह्यांना. नवस माझा हुता." आक्का टायरकडेच बघत बोलत होती. "हे लई खोल उतरायचे तवा. मी देवीला बोलले हुते, ह्यांना पान्यातून सुखरूप वर आन, त्याच दिशी तुझी वटी भरीन. त्याच दिशी म्हनले हुते मी. हे भायेर आले तवा म्हनले, खांदा ठणकतूय, मला निजू दे, उद्या जाऊ. मी म्हनले, नवस मोडंल. राजूरच्या बाजारातनं खण-नारळ घेऊन ठिवला हुता. मीच उठवलं. मीच चढवलं."

ती पुढे म्हणाली, "आन् ह्या मानसानं बावीस वर्सात कुनाला सांगितलं न्हाई. मला बी कवा बोलून दाखवलं न्हाई. डॉक्टरला, आईला, तुला, सगळ्यांना म्हनले, मलाच हौस हुती. तुला राग येतू माझा, येऊ दे. माझ्या हातून एकदा मानूस वर गेलं. पुन्यांदा न्हाई जाऊ देनार."

टपावरचा दोर वाऱ्याने हलत होता. मला आठवलं, सकाळी मी दाजींकडे हात करून काय बोललो ते, आणि त्यांनी कप कसा खाली ठेवला ते. त्यांना तेव्हाही एक वाक्य बोलता आलं असतं. मी आक्काचे पाय धरायला वाकलो तर ती म्हणाली, "उठ, शर्ट नवा हाय." मग मी दाजींच्या जवळ जाऊन बसलो. ते झोपलेलेच होते. त्यांचा डावा पाय गादीवरून खाली आला होता, तो मी नीट उचलून वर ठेवला.

दिवस मावळता मावळता हैदराबादला पोचलो.

शनिवारी सकाळी त्या मैदानावर मी ताठ उभा होतो. आमच्या नावाची हाक आली तेव्हा मी चालत गेलो, माझ्या दोन पायांवर, आणि स्नेहलच्या उजव्या खांद्याला पट्टी लावली. ज्योतीने डाव्या. पाय भक्कम होते. विमानाने गेलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. किंवा त्या चार पावलांच्या जागी मी कुठल्या तरी दवाखान्यात असतो. यातलं काय झालं असतं ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि न कळण्याचं हे सुख मला आक्काने दिलं.

कार्यक्रम झाल्यावर स्नेहल गणवेशातच आमच्याकडे धावत आली आणि सगळ्यांत आधी आत्याच्या गळ्यात पडली. विमान का चुकलं ते ज्योतीने तिला सांगितलं. मला वाटलं पोरगी हसेल. ती गंभीर झाली.

"बाबा, तीन बुड्या मारून तुम्ही दुसऱ्या सकाळी विमानात बसणार होता? आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात हे. आणि आत्या, तुला गंमत सांगू? फार उंच जायचं असेल ना, तर तिथे जाण्याआधी जमिनीवरच मास्क लावून बसायचं आणि नुसता ऑक्सिजन घ्यायचा. म्हणजे अंगातला नायट्रोजन आधीच निघून जातो."

"किती येळ?" आक्काने लगेच विचारलं.

"अर्धा तास, कधी तास. किती उंच जायचं त्यावर. आणि मध्येच कुणी मास्क काढून दोन श्वास बाहेरची हवा घेतली, तर सगळी मोजणी पहिल्यापासून."

आक्काचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "म्हंजी दोर परत भिजवायचा!" ती म्हणाली. "बगा, सरकारला बी कळतंय."

दुपारी जेवून आम्ही जीपपाशी आलो. आक्काने टपावरचा दोर खाली घेतला, पिशवीतून खिळा काढला आणि पीळ उकलला. तिने आतले धागे स्वतःच्या गालाला लावले, मग माझ्या. कोरडे, उन्हाने कोमट झालेले.

"सुकला," ती म्हणाली. "आता जा तुमी विमानानं. परतीची तिकिटं हायेत न्हवं तुमची?"

होती, रविवारची. पण मी करमाळ्यापासूनच मनाशी ठरवलं होतं आणि जेवताना स्नेहलच्या कानात सांगितलंही होतं. तिने मोबाईलवर आमची तिकिटं रद्द करून आक्काची आणि दाजींची काढली होती. मी म्हणालो, "आक्का, विमानानं तू आणि दाजी जायचं. मी आणि ज्योती जीप घेऊन येतो. शिर्डीला तुमच्या आधी पोचायला आम्ही आजच निघतो."

आक्काने आधी मला वेड्यात काढलं. मग तिकिटं खरंच निघालीत हे कळल्यावर तिचा आवाज उतरला. ती माझ्याशी बोलणं सोडून दाजींकडे वळली. दाजी जीपच्या पायरीवर बसले होते, काठी गुडघ्यांवर आडवी.

"ह्यांना चालंल का?" तिने स्नेहलला विचारलं, पण बघत होती दाजींकडे. "इतक्या उंच. एकदा मी ह्यांना वर नेलं हुतं..."

स्नेहल काही म्हणायच्या आत दाजी बोलले. मला, ज्योतीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तिचं नाव ऐकलं.

"विजयमाला, बावीस वर्सं झाली. माझा दोर कवाच सुकलाय."

आक्का हातातला खिळा तसाच धरून उभी होती. तिने विचारलं, "आतून?"

"आतून बी," दाजी म्हणाले.

तिने खिळा पिशवीत टाकला, डोळे पुसले आणि दाजींना उठायला हात दिला.